गोजराबाई तेलवाली

"वाजल्या का?" फुलसिंगनं वरून विचारलं.

भुयाराच्या तोंडाशी त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. खाली उतरायला अकरा पायऱ्या होत्या. फुलसिंग त्या कापसाच्या जिनाचा मुख्य फिटर; पण इंजन चालू असताना तो दुसऱ्या पायरीच्या खाली गेल्या तेरा वर्षांत उतरला नव्हता.

"वाजल्या," गोजराबाई म्हणाली. "पन आता चालू इंजनात वाजून राह्यल्या. पयले बंद करताना वाजत. हे बरं नाई, फुलसिंगभाऊ."

"मंग नारळ ठेव न तिथं."

"नारळानं काय व्हते? बोल्ट हाय तो. चौथ्या कपलिंगचा बोल्ट गेला."

वरचं डोकं नाहीसं झालं. गोजराबाई तेलाचा डबा खाली ठेवून परत कान देऊन उभी राहिली.

तिच्या डोक्यावर, फळ्यांच्या पलीकडं, कापसातली सरकी काढणाऱ्या चोवीस जिना दोन रांगांत धडधडत होत्या. प्रत्येक जिनेसमोर एक बाई बसून कापूस भरत होती. रुई पुढं पडत होती, सरकी खाली. या चोवीसही जिनांना फिरवणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, खालच्या भुयारात या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला होता. त्याच्यावरून कातडी पट्टे फळ्यांच्या फटींतून वर जात. एवढा लांब दांडा अखंड नसतो. त्याचे तुकडे असतात, आणि दोन तुकडे जिथं जोडतात तिथं जाड लोखंडी थाळ्या चार बोल्टांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. तीच कपलिंग.

चौथ्या कपलिंगपाशी आवाज येत होता. खण्. मग थोडं थांबून खण् खण्. कोणी बाई परातीत पीठ मळत बसावी आणि तिच्या काचेच्या बांगड्या वाजाव्यात, अगदी तसा.

भागिरथाच्या बांगड्या. मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या पदमचंद शेठच्या जिनात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

एकसष्ट साली भागिरथा नावाची बाई भुयारात सरकी झाडायला उतरली होती. इंजन चालूच होतं. तिचा पदर शाफ्टनं ओढून घेतला आणि मग तिलाही. तेव्हापासून दर हंगामाच्या पहिल्या दिवशी भुयाराच्या तोंडाशी हिरवा खण, डझनभर बांगड्या आणि नारळ ठेवायची चाल पडली. आणि बायांना खाली उतरायची बंदी झाली, कारण भागिरथा बाईमाणसाला ओढते. तेलपाण्याचं काम त्यामुळं फक्त पुरुषाचंच ठरलं, आणि सरकी झाडण्यापेक्षा त्याला मान मिळाला.

गोजराबाईचा नवरा देवमन अठरा वर्षं तिथला तेलवाला होता. अठरा वर्षं कापसाची धूळ छातीत गेली आणि बहात्तरच्या दुष्काळाच्या साली तो खाटेला लागला. चार पावलं चालला की कुत्र्यासारखा धापा टाकायचा. त्याच्या जागी एक तेलवाला आला, तो आठव्या दिवशी पळाला. दुसरा तिसऱ्या दिवशी. दोघांनीही बांगड्या ऐकल्या होत्या. मग नियम एका सकाळीत उलटा फिरला. फुलसिंग म्हणाला, "बाईले बाई काही करत नाई. देवमनच्या बायकोले पाठवा." शेठला ते पटलं. असे नियम बायांच्या बाबतीत चटकन पटतात.

चौऱ्याहत्तर सालचा हा तिचा दुसरा हंगाम होता. हजेरीच्या पुस्तकात ती अजून झाडूवाली म्हणूनच होती. तेलवाली असा शब्द पुस्तकात नव्हता, आणि शेठ म्हणाला की नसलेला शब्द कसा लिहिणार.

काम तिला येत होतं, हे आधी सांगितलं पाहिजे. देवमनचा दमा सुरू झाला तेव्हाच तो तिला सुटीच्या दिवशी, इंजन बंद असताना, चोरून भुयारात घेऊन जायचा. एकेका बेरिंगवर तिचा हात ठेवायला लावायचा. "बोट नोको, तळहात ठेव. बोटाले भेव वाटते, तळहाताले समजते." कोणतं बेरिंग किती गरम व्हावं, कोरडं पडलं की कसं बोलतं, पट्टा ढिला झाला की कसा फटकारतो, हे सगळं तिच्या तळहातात आणि कानात त्यानंच भरलं होतं. इंजन मंदावताना चौथी कपलिंग खणखणते ती तिथले बोल्ट भोकांत ढिले असल्यामुळं, हेही त्यानंच दाखवलं होतं. त्यानं ते शेठला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा नारळ फुटला.

तिला भीती वाटत नसे असं नाही. पहिल्या आठवड्यात तर शाफ्टच्या पलीकडून कोणीतरी आपल्याबरोबर चालतं आहे असं तिला वाटायचं. ती थांबली की ते थांबे. ती वाकली की तेही वाके. पलीकडची रुईची धूळ हवेत उठलेली दिसे आणि तिथं कोणी नसे. "पट्ट्याचा वारा असते तो," देवमन म्हणाला होता. तिनं ते मान्य केलं होतं. वारा तर होताच.

पण भुयारापेक्षा तिला वरचं जास्त जड जाऊ लागलं होतं. ती अंगात देवमनचा जुना खाकी सदरा घालायची, लुगडं काष्ट्यात गच्च खोचून डोक्याला फडकं बांधायची. प्रेसवर रुईच्या गठाणी बांधणारे गडी हसायचे. "काय देवमन, आज लुगडं नेसला का?" आधी एकजण म्हणाला, मग सगळ्यांनीच तिला देवमन म्हणायला सुरुवात केली. सहा-सात महिन्यांत जिनात कुणाच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं.

बायांसाठी संडास नव्हता. दुपारची सुटी झाली की बाया घोळक्यानं मागच्या तुरीत जायच्या. गोजराबाईचं काम नेमकं त्या सुटीत असायचं, इंजन थंडावलं की बेरिंगा पाहायच्या. सुटी संपली की ती एकटी तुरीकडं निघे आणि प्रेसवरचे गडी शिट्ट्या मारत. एकदा एकजण मागं मागं आला. त्या दिवसापासून तिनं सकाळपासून पाणी प्यायचं सोडलं. लघवीला आग व्हायची, कंबर भरून यायची, ती ओठ दाबून बसायची. आणि ज्या बायांना सांगावं त्या बाया तिच्यापासून दूर सरकत चालल्या होत्या. ती भागिरथाजवळ राहते, तिच्या अंगाला भुयाराचा वास येतो, असं त्या म्हणत. जेवायला ती आली की भाकरीची फडकी हळूच आवरली जात. मोठमोठ्यानं भांडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं देवमनला आवाजाचं सांगितलं. तो ओट्यावरच्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"चालू इंजनात?" त्यानं विचारलं.

"व्हय. आन् कपलिंगच्या बाजूनं चटका लागते."

देवमननं चार बोटं पुढं धरून त्यातली दोन दुमडली. मग म्हणाला, "एक नाई, दोन बोल्ट गेले असतीन. तिसरा गेला का सारा शाफ्ट उसळते. पट्टे फळ्या फोडून वर येतीन. वर कोन बसते चौथ्या कपलिंगवर?"

"ललिता."

ललिताबाई म्हणजे जिनातल्याच लिलाबाईची सून. सातवा महिना चालू होता तिला.

"उद्या सकाळी इंजन लागायच्या आंधी शेठले सांग. माहं नाव सांग. म्हन, देवमननं सांगतलं."

तिला हे लागलं. कपलिंगवर हात तिनं ठेवला होता. पण नाव कुणाचं का असेना, बोल्ट बदलला म्हणजे झालं.

पदमचंद शेठ वाईट माणूस नव्हता. पौर्णिमेला शिरपूरच्या जैन देवळात जाऊन दर्शन घेई, पाणी गाळून पिई, कामगारांना दिवाळीला गूळ वाटे. सकाळी गादीवर बसल्या बसल्या त्यानं गोजराबाईचं सगळं ऐकून घेतलं आणि फुलसिंगला बोलावलं.

"फुलसिंग, ये क्या बोलती है? बोल्ट तुटले म्हनते."

"काल मी सोता ऐकलं, शेठ. बांगड्याच हायेत. थंडीच्या दिवसात जरा जास्त वाजतेत."

"कपलिंग खोलून पाहा ना एकदा," गोजराबाई म्हणाली. "दोन घंट्याचं काम हाय. देवमननंबी सांगतलं."

"देवमन खाटेवर पडून कपलिंग पाहते का?" फुलसिंग हसला. "आन् तुले बोल्टातलं काय समजते? तुहं काम तेल सोडाचं."

शेठनं दोघांकडं पाहिलं. हंगाम भर रंगात होता, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. "नारळ फोडून घ्या," तो म्हणाला. "मोठा आणा. आन् रविवारी इंजन बंद राहिल तवा पाहू."

रविवार चार दिवसांवर होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. फुलसिंगनं दुसऱ्या पायरीवर उभं राहून नारळ फोडला, पाणी खाली शिंपडलं आणि इंजन सुरू झालं.

दुपारी आवाज बदलला. खण् खण् राहिलं नाही. दात खावेत तसा करकरीत आवाज यायला लागला. कपलिंगच्या दोन थाळ्यांमध्ये करंगळीचं नख जाईल एवढी फट दिसत होती आणि दर फेऱ्याला ती उघडमीट करत होती. गोजराबाईनं तळहात जवळ नेला आणि मागं घेतला. आता ठेवायची गरज नव्हती.

ती वर आली आणि पळतच अंगण ओलांडून इंजनघराकडं गेली. ड्रायव्हरनं दारातूनच हात हलवला. फुलसिंगच्या शब्दाशिवाय तो इंजनाला हात लावत नसे. फुलसिंग प्रेसकडं होता, तो म्हणाला, शेठनं रविवारी सांगितलं आहे. मग ती जिनघरात शिरली आणि थेट ललिताबाईच्या जिनेपाशी गेली.

"उठ इथून. लवकर उठ."

ललिताबाईनं सासूकडं पाहिलं. लिलाबाई शेजारच्याच जिनेवर होती. जिनातली सगळ्यात जुनी बाई, भागिरथाबरोबर काम केलेली.

"काहून उठवतं तिले?" लिलाबाईनं ओरडून विचारलं, कारण तिथं ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नसे.

"खाली कपलिंग सुटून राह्यली. पट्टा वर येईन, साऱ्याच उठा."

"तुले कोनं सांगतलं?"

"मी पाह्यलं."

"तिनं सांगतलं का?" लिलाबाईनं फळ्यांखाली बोट दाखवलं.

"नाई. मी सांगून राह्यली. मी, गोजरा."

लिलाबाईनं कापसाचा आणखी एक गोळा जिनेत भरला. "ती सांगन तवा उठू," ती म्हणाली. त्यात कुचेष्टा नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि मधेच उठलं की खाडा पडतो हेही तिला माहीत होतं. चोवीस बायांपैकी एकही उठली नाही. ललिताबाईनं पोटावरचा पदर सारखा केला आणि हात चालू ठेवले.

गोजराबाई दोन रांगांच्या मधोमध उभी होती. पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या, आणि ती थरथर कुठून येते आहे हे त्या घरात एकट्या तिलाच माहीत होतं.

छप्पन्न साली तिच्या माहेरच्यांनी घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले होते. त्याआधी, ती लहान असताना, तिच्या आईच्या अंगात येत असे. ते सगळं तिनं जवळून पाहिलं होतं. दीक्षा घेतली आणि ते संपलं. आई नंतर म्हणायची, "मोकळी झाली मी." देवमनच्या घरात तर बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या होत्या आणि तो भूतखेत म्हणणाऱ्याला तोंडावर हसायचा.

तिनं डोक्याचं फडकं सोडलं. केस मोकळे केले. श्वास खोल घेऊन तोंडानं सोडायला लागली, आई सोडायची तसा. अंग पुढं-मागं हलवलं. पहिल्यांदा तिला शरम वाटली, इतकी की डोळे मिटावे लागले.

"मी भागिरथा हाव," ती म्हणाली.

लिलाबाईच्या हातातला कापूस खाली पडला.

"इंजन बंद करा. उठा साऱ्या."

चोवीस बाया एकदम उठल्या. ललिताबाईला सासूनंच बखोटीला धरून भिंतीकडं ओढलं. कोणीतरी किंचाळत प्रेसकडं धावलं. फुलसिंग आला, दारात थबकला, आणि तिच्याकडं एकदा पाहून उलट्या पावली इंजनघराकडं पळाला. कान सोनारानंच टोचावे म्हणतात. या जिनात ते मेलेल्या बाईकडून टोचून घ्यावे लागत.

इंजन थांबलं. पट्टे सळसळत मंदावले. एवढी शांतता त्या घरात भरदिवसा कुणी ऐकली नव्हती. हवेत रुईचे तंतू तसेच तरंगत होते. शेठ धोतर सावरत दारात येऊन उभा राहिला होता, फुलसिंग त्याच्या मागं.

"चौथी कपलिंग खोला," गोजराबाई म्हणाली.

एवढं तिनं ठरवलेलं होतं. इथं थांबायचं, खाली बसायचं, पाणी मागायचं. आईचं असंच संपायचं. पण तिचं तोंड थांबलं नाही. आवाजही तिचा नव्हता, असं नंतर लिलाबाईनं शपथेवर सांगितलं.

"फुल्या," ती म्हणाली. "पदर अडकला म्हनून तीनदा हाक मारली तुले. तू पायरीवर उभा व्हता. शेठले इचारून येतो म्हनला."

फुलसिंग तिथंच कापसाच्या ढिगावर बसला. त्याच्या कपाळावर भर थंडीत घाम आला होता.

"तीनदा नाई," तो म्हणाला. "दोनदा."

शेठनं मान वळवून बाहेर पाहिलं. लिलाबाई पदराचा बोळा तोंडात धरून रडायला लागली.

कपलिंग खोलली तेव्हा दोन बोल्ट मोडलेले निघाले. तिसरा मोडत आला होता. फिरवला तर हातात आला. फुलसिंगनं ते तुकडे शेठसमोर मांडले. शेठनं हात जोडले. सगळ्यांनी जोडले. "भागिरथामायनं वाचवलं," असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी तेच धरलं. फुलसिंग जे बोलला होता ते मात्र कुणाच्याच तोंडून पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळी देवमनच्या कानावर सगळं तिच्या आधीच पोचलं होतं.

"तुया अंगात आलतं म्हनतेत," तो म्हणाला.

"सोंग केलं. दुसरं काय करू? कोनी उठे ना."

देवमन हसला. हसता हसता त्याला ढास लागली. ती त्याची पाठ चोळत राहिली. दोन हंगामांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. एका माणसाला तरी खरं माहीत आहे, आणि तोच माणूस आहे ज्याला माहीत असावं. ढास ओसरल्यावर त्यानं विचारलं, "आन् फुलसिंगचं? ते तुले कोनं सांगतलं?"

ती पाठ चोळायची थांबली.

"माहित नाई," ती म्हणाली.

"लिलाबाई बोलली असन कवा."

"तिले कुठं माहित व्हतं? ती तं रडत व्हती."

"मंग त्याच्या तोंडाकडं पाहून समजलं असन तुले. तेरा वर्सं पायरी उतरला नाई तो. अंदाज केला तू."

"असन," ती म्हणाली. तसं असू शकत होतं. पण फुल्या हे नाव? त्याला फुल्या म्हणताना तिनं कधी कुणाला ऐकलं नव्हतं. हे तिनं देवमनला सांगितलं नाही. त्यानंही पुढं विचारलं नाही, पण रोजच्यासारखा तो कूस बदलून, तिच्याकडं पाठ करून झोपला नाही.

पुढच्या आठवड्यात इंझोरीहून गोविंदा नावाचा नवा तेलवाला आणला गेला. भुयाराच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा बांधला आणि गोजराबाईला त्याच्यावर बसायला सांगितलं. काम काही नाही. नुसतं बसायचं. "तुमी बसेल असल्या म्हंजे साऱ्याइले धीर राहते," शेठ म्हणाला. देवमनचा खाकी सदरा घालायला त्यानं मना केलं. शेठाणीनं हिरवं लुगडं पाठवलं. हजेरीच्या पुस्तकात ती झाडूवालीच राहिली.

आता तिला कुणी देवमन म्हणत नसे. माय म्हणत. ती तुरीकडं निघाली की प्रेसवरचे गडी भिंतीकडं तोंड करून उभे राहत, आणि हा एवढाच काय तो फायदा झाला. पाणी ती आता पोटभर प्यायची. बाया सुटीत येऊन तिच्या पाया पडत आणि भाकरी खायला दूर लिंबाखाली जाऊन बसत. ललिताबाईला मुलगी झाली, तिनं तिचं नाव भागिरथा ठेवलं.

नवे बोल्ट घट्ट होते, त्यामुळं बांगड्या बंद झाल्या. ओट्यावर बसून गोजराबाई इंजन मंदावायच्या वेळी कान द्यायची. काही नाही. ते खरं तर चांगलंच होतं. पण त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती की तो गेल्यावर तिला एकटं वाटू लागलं, आणि आपल्याला असं वाटतं याची तिला भीती वाटली. एकदा माघ महिन्यातल्या एका दुपारी, इंजन दुरुस्तीला पूर्ण बंद असताना, सगळे जेवायला गेलेले असताना, तिनं तो स्पष्ट ऐकला. खण्. थोडं थांबून खण् खण्. शाफ्ट जागच्या जागी उभा होता. पट्ट्यांचा वाराही नव्हता. ती उठली नाही आणि तिनं कुणाला सांगितलं नाही.

होळी जवळ आली. एके दिवशी गोविंदा तेलाचा डबा घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. तो रोज परवानगी घेतल्याशिवाय उतरत नसे.

"जाऊ का, माय?"

"जाय. सहाव्या बेरिंगले पाह्य. कोरडं बोलून राह्यलं सकाळपासून. आतला बुश घासला असन. तेल सोड आन् तळहात ठेवून पाह्य किती गरम हाय ते."

गोविंदानं डोळे मिटून ऐकलं. मग हात जोडले आणि खाली गेला. दिवसभर तो कोरडा आवाज काही थांबला नाही.

इंजन बंद झाल्यावर, फाटकाकडं सगळे निघून गेल्यावर, ती दिवस मावळायच्या आत हिरवं लुगडं खोचून अकरा पायऱ्या उतरली. सहाव्या बेरिंगवर झेंडूचं फूल ठेवलेलं होतं. आचेनं करपून काळं पडलं होतं. खालची तेलाची वाटी कोरडी ठणठणीत होती.

मग तिनं फूल उचलून बाजूला ठेवलं, डबा शोधला, वाटी भरली, तेल थेंबाथेंबानं आतवर जाऊ दिलं. तळहात ठेवला. निवत होतं. पलीकडच्या बाजूला धूळ किंचित उठली. "झालं आता," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिनंही स्वतःला विचारलं नाही.

घरी येताना ती कितीतरी दिवसांनी झपझप चालत होती. देवमनला सांगायचं होतं. फूल करपल्याचं सांगितलं असतं तर तो हसला असता, शिव्या घातल्या असत्या, बुशाचं माप विचारलं असतं. ती ओट्यावर चढता चढताच बोलायला लागली. "आयकता का, सहावं बेरिंग आज जवळजवळ बसलंच व्हतं. तळहात ठेवला तं..."

देवमन ऐकत नव्हता. त्याची छाती आज जास्तच वर-खाली होत होती. तो तिच्या लुगड्याकडं पाहत होता, तोंडाकडं नाही.

"गोजरे," तो म्हणाला, "एक म्हनू का? रागावू नोको."

"म्हना."

"तिले इचारशीन का?" त्यानं दम घेतला. "माह्या छातीचं काय व्हईन ते."

ती जागच्या जागी उभी राहिली. भिंतीवरच्या प्रतिज्ञांकडं तिनं पाहिलं नाही, त्यानंही पाहिलं नाही. तिला राग आला, खूप आला. या माणसानंच तिचा तळहात धरून लोखंडावर ठेवला होता. मग त्याच्या हडकुळ्या खांद्यांकडं पाहून तो राग उतरला.

"इचारीन," ती म्हणाली.

देवमननं मान डोलावली आणि डोळे मिटले. गोजराबाईनं चुलीतली मूठभर राख घेतली आणि ओट्याच्या कडेला हात घासायला बसली. तेल लवकर निघत नव्हतं.